साडूच्या गाडीचा हीटर

अंबादासचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. घड्याळाचा गजर तो लावत नसे. नळाला गोडं पाणी त्याच सुमारास यायचं आणि फार वेळ टिकायचं नाही. पाण्याआधी नळ नुसती हवा सोडायचा, त्या आवाजाने तो उठायचा. प्यायचं पाणी भरून झाकून ठेवायचा. बाकी सगळं अंगणातल्या हापशावर. हापशाचं पाणी जड. बादलीला आतून पांढरा थर चढायचा, डाळ शिजायला वेळ घ्यायची. गोड्या पाण्याचा एक तांब्याही वाया गेलेला त्याला चालत नसे. मग तो आणि समोर राहणारा मी सायकलवरून पहिल्या पाळीला जायचो.

साहिबाबादला पंपांचा कारखाना होता. मी लेथवर होतो, तो देखभाल विभागात फिटर. दोघेही महाराष्ट्रातून एकाच भरतीत आलो आणि गाझियाबादेत समोरासमोर लहानसे प्लॉट घेतले. त्याने एक खोली बांधली, काही वर्षांनी दुसरी, मग स्वयंपाकघराला पत्रा. उधारीवर वीट आणली नाही. भिंतीचा ओळंबा स्वतः धरला. गवंडी त्याच्यावर वैतागायचे.

कामाला तो चोख होता. नट किती आवळायचा हे त्याच्या मनगटाला कळायचं. कमी आवळणारा आळशी आणि जास्त आवळणारा मूर्ख, असं तो म्हणायचा. कारखान्यात कुणाला बढती मिळाली, कुणाचा मुलगा इंजिनीयर झाला, याचं त्याला काही वाटत नसे. त्याला हेवा वाटायचा तो जगात एकाच माणसाचा. त्याच्या साडूचा.

साडूचं नाव श्रीपाद. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात नोकरी, मयूर विहारला सहकारी सोसायटीत तळमजल्यावर फ्लॅट. अंबादासची बायको सुमित्रा धाकटी आणि श्रीपादची बायको मीनाक्षी थोरली. दोघींचे वडील भाऊसाहेब, साताऱ्याकडचे निवृत्त हेडमास्तर. बायको गेल्यावर ते दर हिवाळ्यात लेकींकडे दिल्लीला यायला लागले. लेकींकडे म्हणजे थोरलीकडे. धाकटीकडे एखाद्या रविवारी जेवायला यायचे आणि उन्हं उतरायच्या आत परत जायचे. सुमित्राच्या घरात ते एक रात्रही राहिले नव्हते.

सुमित्रा तोंडाने काही म्हणायची नाही. पण डिसेंबर लागला की आतल्या खोलीतली गादी उन्हात टाकायची, नवी उशी शिवायची. फेब्रुवारीत उशी परत पेटीत.

अंबादासने याचं कारण शोधून ठेवलं होतं. भाऊसाहेब पहिल्यांदा आले त्याच वर्षी श्रीपादने गाडी घेतली होती. जुनीच मारुती, निळी. पण तिला हीटर होता. त्या वर्षांत दिल्लीच्या रस्त्यावर रोज नवी गाडी दिसायची, टीव्हीवर गाड्यांच्या जाहिराती, यमुनेपलीकडे शेतं मोडून वसाहती. ज्याच्याकडे गाडी तो माणूस, असा काळ आला होता. भाऊसाहेबांची छाती थंडीत भरायची. अंबादासचं म्हणणं सरळ होतं. म्हातारा गाडीकडे राहतो. आपल्याकडे सायकल आहे.

लग्नाच्या वेळी मांडवात कुणीतरी विचारलं होतं, धाकटे जावई काय करतात? भाऊसाहेब म्हणाले होते, "कारखान्यात आहेत." एवढंच. श्रीपादबद्दल मात्र मंत्रालयाचं नाव, हुद्दा, सगळं सांगितलं होतं. अंबादासने ते दोन शब्द जपून ठेवले होते. मला ते कितीदा तरी ऐकवले.

श्रीपाद माणूस वाईट नव्हता, हे अंबादासला जास्त खुपायचं. रविवारी तो बायकोला घेऊन यायचा, गाडी अंगणात लावायचा आणि किल्ली अंबादासच्या हातात द्यायचा. "घ्या अंबादासराव, तुमची लाडकी आली."

मग दुपारभर अंबादास गाडीवर. धुवायची, पुसायची, ऑइल बघायचं, बॉनेट उघडून प्रत्येक नळी चाचपायची. रेडिएटरमध्ये पाणी कमी दिसलं की भरायचा. शेवटी गाडीत नुसताच बसायचा, दार लावून.

"माझी सवत आली," सुमित्रा म्हणायची. "तिला जेवायला वाढू का आधी?"

"निळी आहे. तुझ्यापेक्षा उजळ," अंबादास आतून ओरडायचा.

हसायचा, पण तोंड आंबट. गाडी संध्याकाळी निघून गेली की अंगणात टायरचे ओरखडे राहायचे. ते तो झाडत नसे.

अंबादासही गाडीसाठी पैसे साठवत होता. मिळेल तो ओव्हरटाइम करायचा. शेजारचे कारखाने एकेक करून कुलूप लावत होते, आमच्याकडे काम होतं तोवर तो दिवाळीच्या दिवसांतही उभा राहिला. जुनी, लहान, कुठलीही चालेल. फक्त हीटर हवा, म्हणायचा.

त्या डिसेंबरात श्रीपाद आला तेव्हा त्याच्या हातात फडकं होतं. हीटर चालू केला की काच आतून धुरकट व्हायची. पुसली तरी तेलकट राहायची. डावीकडच्या सीटखालची सतरंजी ओली आणि गाडीत गोडसर कुबट वास.

"आमच्या कोपऱ्यावरचा मेकॅनिक म्हणतो, हीटरचा छोटा रेडिएटर गळतोय," श्रीपाद म्हणाला. "तो म्हणतो दोन नळ्या बाहेरच्या बाहेर जोडून टाकतो. हीटर बंद, झंझट खतम. डॅशबोर्ड खोलायला तो तयारच नाही."

"जोडून टाका मग," अंबादास म्हणाला. फार पटकन म्हणाला.

मी तिथे होतो. त्याच्या चेहऱ्यावर काय आलं ते मी पाहिलं. हीटर गेला तर गाडी म्हणजे पत्र्याचं डबडं. त्याच्या सायकलीएवढीच थंड.

मीनाक्षी म्हणाली, "अहो, पण बाबा संक्रांतीच्या आधी येतायत. पहाटेची रेल्वे, धुकं, त्यांची छाती. हीटर नको का?"

सुमित्राने नवऱ्याकडे बघितलं आणि चहाचे कप उचलून आत गेली.

अंबादासने बराच वेळ बॉनेटखाली डोकं घातलं. बाहेर आला तेव्हा म्हणाला, "मी बदलून देतो. गाडी इथे ठेवा. मजुरी घेणार नाही. पण एक. भाऊसाहेबांना स्टेशनवरून आधी माझ्याकडे आणायचं. दुपारच्या जेवणासाठी नाही. मुक्कामाला."

श्रीपादने बायकोकडे बघितलं. मग म्हणाला, "आणायचं बिल्कुल आणू. राहायचं काय ते बाबा ठरवतील. मी कोण?"

"गाडीवाले," अंबादास म्हणाला.

नवा भाग त्याने काश्मिरी गेटच्या बाजारातून आणला. जाताना जुन्याचं माप कागदावर काढून नेलं होतं. दुकानदाराने दिलेले तीन परत केले. एकाच्या पत्र्या दबलेल्या, एकाची नळी तिरकी, तिसरा त्याला आवडला नाही. चौथा घेतला. घरी आणून बादलीत बुडवला, सायकलच्या पंपाने हवा मारली, बुडबुडे येतात का पाहिले. नव्या भागावर विश्वास ठेवणारे लोक कामाला नालायक, हे त्याचं मत.

गाडीत हीटर कुठे असतो हे ज्याने पाहिलं नाही त्याला या कामाचे कष्ट कळणार नाहीत. भाग वहीएवढा. पण गाडी बांधताना तो आधी बसवतात आणि मग त्याच्यावर सगळी गाडी रचतात. काढायचा तर डॅशबोर्डचं पोट फाडावं लागतं. माणसाने आडवं व्हायचं, डोकं पायांच्या जागी, पाय दाराबाहेर थंडीत, हात डोक्याच्या वर. स्क्रू दिसत नाही, बोटाने शोधायचा. पाना अर्धा वळसाच घेतो. पन्नाशीच्या माणसाला मान घेऊन उठायला दुसऱ्याचा हात लागतो. तो हात माझा होता.

आधी बॅटरीची वायर सोडली. मग पाणी काढलं. इंजिनकडून येणाऱ्या दोन रबरी नळ्या सोडवल्या. त्या सुकून चिकटल्या होत्या, ओढल्या असत्या तर फाटल्या असत्या. त्याने त्या गरम फडक्याने शेकल्या, लहान मुलाचा कान शेकावा तशा. स्क्रू ठेवायला त्याने सुमित्राचा मिसळणाचा डबा आणला. मोहरीच्या वाटीत पहिल्या फळीचे, हळदीच्या वाटीत दुसऱ्या फळीचे, असे ओळीने.

"अहो, फोडणी कशात घालू मी?" सुमित्रा दारातून म्हणाली.

"गाडी पूर्ण होईपर्यंत उकडलेलं खाऊ."

"बाबांनाही उकडलेलं?"

"बाबा येईपर्यंत वाट्या परत."

गाडी अंगणात तशीच उघडी पडून राहिली. रोज पाळीवरून आला की तो आडवा व्हायचा, उजेड असेपर्यंत. एकदा मी म्हणालो, "अरे, सावकाश कर. गाडी तयार झाली नाही तर श्रीपादला म्हाताऱ्याला न्यायला काही नाही. तू रिक्षाने घेऊन ये सरळ. मग राहतीलच."

हे त्याला सुचलं नव्हतं असं नाही. तो नळीला क्लिप लावत होता. म्हणाला, "काल तोच विचार करून हळू केलं. चार स्क्रू काढायचे तर आठ निघाले. हात ऐकत नाहीत."

जुना भाग बाहेर आला तेव्हा त्याने तो उन्हात धरला. आतली बारीक भोकं पांढऱ्या क्षाराच्या थराने बुजली होती. बाजूला गंजून सुईएवढं छिद्र. त्याने नखाने थर उकरला. मग उठला, घरात गेला आणि पाणी तापवायची विजेची कांडी घेऊन आला. तिच्यावर तोच थर. तोच रंग, तसाच कुरकुरीत.

कांडी आणि तो भाग शेजारीशेजारी ठेवून तो हापशाच्या कट्ट्यावर बसला.

दर रविवारी रेडिएटरमध्ये पाणी त्यानेच भरलं होतं. हापशाचं. गोडं पाणी प्यायचं, ते गाडीला कसं घालायचं? आणि रेडिएटरमध्ये मुळात असलेलं हिरवं पाणी, म्हणजे कूलंट, त्याने हळूहळू हापशाच्या पाण्याने पातळ करत आणलं होतं. साडूची गाडी त्याच्याच लाडाने मेली होती. श्रीपाद बिचारा बॉनेट उघडतच नसे.

श्रीपाद रविवारी काम बघायला आला तेव्हा अंबादासने तो भाग त्याच्या हातात दिला. "हे माझं काम. हापशाचं पाणी. तुमचा काही दोष नाही. भागाचे पैसे तुम्ही देऊ नका."

श्रीपादने तो फिरवून पाहिला. "अहो, मग? माझ्या हातात असती तर दोन वर्षांपूर्वीच बंद पडली असती. मला तर झाकण कुठे ते माहीत नाही. छोडो यार. भजी आहेत का आज?"

आणि तो आत गेला.

अंबादास माझ्याकडे वळला. तोंड लाल झालं होतं. "बघितलंस? रागावलासुद्धा नाही! मी असतो तर महिनाभर बोललो नसतो. याला रागवायचीसुद्धा गरज पडत नाही. ज्याचं सगळं बरं चाललंय तोच असा हसतो."

"मग रागावला असता तर बरं वाटलं असतं?"

"खूप," तो म्हणाला.

नवा भाग बसवताना त्याने कडेला स्पंजच्या पट्ट्या चिकटवल्या, खडखड होऊ नये म्हणून. क्लिपा नव्या घातल्या. वाट्या एकेक करून रिकाम्या झाल्या. एकही स्क्रू उरला नाही. पाणी भरायची वेळ आली तेव्हा पहाटे नळावर त्याने प्यायच्या पाण्याची एक कळशी वेगळी ठेवली. हिरवं पाणी त्यात मापाने मिसळलं आणि थोडं थोडं ओतलं. इंजिन चालू, हीटर पूर्ण उघडा, नळ्या दाबून आतली हवा काढायची. मग त्याने सुमित्राला गाडीत बसवलं.

"पायाला लागतंय?"

"लागतंय," ती म्हणाली. डोळे मिटून बसली. "अहो, किती छान लागतंय."

तो दार लावून बाहेर उभा राहिला. काचेवर धूर आला नाही. काम उत्तम झालं होतं आणि त्याच्या चेहऱ्यावर जराही आनंद नव्हता.

भाऊसाहेब आले त्या पहाटे अंबादासने सुटी काढली. श्रीपाद गाडी चालवत होता, अंबादास मागे; मीनाक्षी सुमित्राच्या मदतीला घरीच थांबली होती. निजामुद्दीनहून भाऊसाहेबांना पुढच्या सीटवर बसवलं. धुक्यात समोरचा ट्रक दिसत नव्हता. यमुनेच्या पुलावर त्यांनी मफलर सैल केला.

"श्रीपादराव, गाडी मस्त ऊबदार आहे हो तुमची."

"बाबा, ते अंबादासरावांनी केलं. पूर्ण डॅशबोर्ड खोलून."

"हो का? वा." आणि त्यांना डुलकी लागली.

वा. अंबादास मला पुढे कितीतरी दिवस तो 'वा' करून दाखवायचा. डुलकीसकट.

घरी अंगणात ऊन आलं होतं. खाट टाकली होती, नवी उशी होती. सुमित्राने भरली वांगी केली होती, वडिलांना आवडतात म्हणून. भाऊसाहेब उन्हात पाय पसरून बसले, पेरूचं झाड बघून खूश झाले, मला साताऱ्याच्या थंडीबद्दल सांगितलं. पण जेवायला बसल्यावर अर्धी पोळी खाल्ली आणि हात आखडला. ताक नको म्हणाले. दुसऱ्यांदा चहा विचारला तर नको. पाणीसुद्धा घोटभर. अंबादास ताटाकडे बघत होता. एकेक 'नको' तो मोजत होता, हे मला दिसत होतं.

दुपार कलायच्या आधीच भाऊसाहेब चुळबुळ करायला लागले. "मीनाक्षी, निघू या का?"

सुमित्रा गादीवर चादर घालत होती. तिचा हात थांबला.

अंबादास उठला. आवाज चढला. "का? का निघायचं? गाडी गरम केली, गादी घातली, लेकीने सकाळपासून चूल सोडली नाही. दोन तास बसवत नाही आमच्याकडे? मी कारखान्यात आहे म्हणून? मांडवात म्हणाला होतात ना, कारखान्यात आहेत! त्याच कारखान्याच्या हातांनी तुमचे पाय शेकले आज."

मीनाक्षी खाली बघू लागली. श्रीपाद गाडीची किल्ली खिशात घालून नळाकडे गेला, तिथे काही काम नसताना.

भाऊसाहेबांनी सुमित्राला आत जायची खूण केली. ती गेली नाही. मग ते अंबादासला म्हणाले, हळू, मास्तर वर्गात चूक कबूल करतात तसे, "जावईबापू, तुमचा संडास बसायचा आहे."

अंबादासला कळेना. "मग?"

"गुडघे गेलेत माझे. बसलो तर उठता येत नाही. पहिल्या वर्षी इथेच, याच घरात, मी आत किती वेळ भिंत धरून उभा राहायचा प्रयत्न करत होतो ते मला माहीत. लेकीला हाक मारायची का मी, उचल म्हणून? तुम्हाला मारायची? श्रीपादरावांकडे खुर्चीसारखा आहे. म्हणून तिकडे. म्हणून इथे जेवत नाही, पाणी पीत नाही. पोटाला काही झालं तर?"

"बाबा!" सुमित्रा म्हणाली. "अक्का, तुला माहीत होतं?"

"शपथ घातली होती त्यांनी," मीनाक्षी म्हणाली. "कुणाला सांगायचं नाही म्हणून."

"गाडीसाठी नाही?" अंबादासने विचारलं.

"गाडी? मला गाडीत उलटीसारखं होतं. मी डोळे मिटून घेतो."

अंबादासने संडासाच्या दाराकडे बघितलं. मग म्हणाला, "एवढंच होय?"

"एवढंच कसं?" भाऊसाहेब पहिल्यांदा चिडले. "तुम्हाला बसता येतं म्हणून एवढंच."

त्या संध्याकाळी ते मयूर विहारलाच गेले. अंबादासने त्यांना पुढच्या सीटवर बसवलं, हीटर स्वतः लावून दिला आणि काच बोटभर खाली केली, उलटी होऊ नये म्हणून.

पुढच्या रविवारी तो सायकलने मयूर विहारला गेला. सगळे चहा पीत असताना टेप घेऊन संडासात शिरला. बराच वेळ बाहेर येईना. श्रीपादने दारावर टकटक केली. "अंबादासराव, सब ठीक?"

"माप घेतोय."

"कशाचं?"

"तुमच्या सिंहासनाचं."

उन्हाळाभर त्याने बांधकाम केलं. आतल्या खोलीला लागून, हिवाळ्यात ऊन आत यावं म्हणून दक्षिणेला खिडकी ठेवून. उतार पाणी टाकून तपासला, दोनदा फोडून परत केला. उंची श्रीपादच्या घरापेक्षा दोन बोटं जास्त ठेवली, कारण भाऊसाहेबांच्या गुडघ्याचं माप त्याने वेगळं घेतलं होतं. कारखान्यातल्या भंगारातून रीतसर पावती करून पाइप घेतला, वाकवला, घासून गुळगुळीत केला आणि भिंतीत दोन्ही बाजूंना धरायला दांडे बसवले. स्वतः लोंबकळून पाहिलं. मलाही लोंबकळायला लावलं.

त्या हिवाळ्यात भाऊसाहेब मुक्कामाला आले. उशी परत पेटीत गेली नाही. पहिल्या सकाळी अंबादास दारातच उभा होता.

"दांडा धरला?"

"धरला."

"तिकडे दांडा नाही."

"नाही," भाऊसाहेब म्हणाले. "हे तिकडच्यापेक्षा बरं आहे."

मी त्याला इतका खूश नंतर कधीच पाहिला नाही. ती खुशीही फार टिकली नाही. संक्रांतीला श्रीपाद आला, दांडे हलवून पाहिले आणि म्हणाला, "वा अंबादासराव, क्या बात है! आमच्याकडेही बसवून द्या ना." अंबादासने तोंड वाकडं केलं. पण पुढच्या सुटीला हत्यारं घेऊन गेला आणि चोख बसवून आला.

"एकच बसवला," परत आल्यावर मला म्हणाला. "आपल्याकडे दोन आहेत."

गाडी त्याने शेवटपर्यंत घेतली नाही. इतक्या वर्षांचा ओव्हरटाइम त्या कोपऱ्यात गेला: एक पांढरं भांडं, दोन दांडे आणि दक्षिणेची एक खिडकी.